रिकामी शेल बॉडीसुद्धा परवान्याशिवाय देशाबाहेर का जात नाही

155 मिलिमीटर तोफेच्या गोळ्याचं बाहेरचं पोलादी कवच म्हणजे शेल बॉडी. तिच्यात स्फोटक नसतं, फ्यूज नसतो, मागे ढकलणारी दारूही नसते. पोलादाचा ठोकळा, म्हणजे बिलेट, 1100-1200 अंशांपर्यंत तापवायचा, प्रेसखाली भोक पाडून लांब ओढायचा, तोंडाशी निमुळता करायचा, हीट ट्रीटमेंट द्यायची, मग लेथवर मशीनिंग आणि बुडाजवळ तांब्याच्या मिश्रधातूचा पट्टा, म्हणजे ड्रायव्हिंग बँड. भोसरी-चाकणचा फोर्जिंगवाला, म्हणजे तापलेलं पोलाद दाबून घडवणारा कारखानदार, म्हणेल, ट्रकच्या ॲक्सलपेक्षा यात वेगळं काय? लोखंडकाम म्हणून पाहिलं तर फार काही नाही. पण ॲक्सल न्हावाशेवातून साध्या शिपिंग बिलावर जातो, आणि ही रिकामी शेल बॉडी केंद्र सरकारच्या लेखी मंजुरीशिवाय बाहेर काढली तर कायदा मोडतो. मशीनवर न चढलेली, नुसती घडवलेली काळी फोर्जिंग असली तरी मोडतो.

शस्त्र नियंत्रण म्हटलं की डोळ्यांसमोर रणगाडे आणि क्षेपणास्त्रं येतात. प्रत्यक्षात त्या मोठ्या सौद्यांत सरकार पहिल्या दिवसापासून टेबलावर असतंच. कायद्याचा खरा संबंध येतो तो सुट्या भागांशी, ड्रॉइंगशी, रसायनांशी, आणि शस्त्र बनवतोय असं ज्यांना वाटतही नाही अशा कारखान्यांशी. म्हणून ही सगळी व्यवस्था त्यांच्या बाजूने पाहिली तर लवकर समजते.

बनवायचा परवाना वेगळा, पाठवायचा वेगळा

1956 च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारसाठी राखून ठेवली होती. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चांदा, अंबाझरी ही महाराष्ट्रातली सरकारी शस्त्र कारखान्यांची नावं त्या सरकारी मक्तेदारीच्या काळातली किंवा त्याहून जुनी आहेत. मे 2001 मध्ये खासगी भारतीय कंपन्यांना दार उघडलं. परदेशी भांडवलाची मर्यादा तेव्हा 26 टक्के होती. 2020 पासून नव्या परवान्यांसाठी 74 टक्क्यांपर्यंत थेट मार्गाने परवानगी आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 41 कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. त्यातली म्युनिशन्स इंडिया पुण्यात आहे, यंत्र इंडिया नागपुरात.

उत्पादनाचा परवाना दोन कायद्यांखाली मिळतो: 1951 चा उद्योग विकास व नियमन कायदा आणि 1959 चा शस्त्र कायदा. पिस्तूल-रायफलसारख्या छोट्या शस्त्रांसाठी गृह मंत्रालय, बाकी मोठ्या गोष्टींसाठी उद्योग संवर्धन विभाग. स्फोटक पदार्थ असेल तर नागपुरात मुख्यालय असलेल्या पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना वेगळा.

पहिला सापळा इथेच आहे. लहान कारखान्यांना सोपं जावं म्हणून बहुतेक सुटे भाग, कास्टिंग आणि फोर्जिंग उत्पादन परवान्याच्या यादीतून काढून टाकले आहेत. ते योग्यच झालं. पण त्यामुळे 'बनवायला परवाना लागत नाही, म्हणजे पाठवायलाही लागत नसणार' असा समज पसरला. हे दोन कायदे एकमेकांकडे पाहत नाहीत. निर्यातीचा कायदा 1992 चा, विदेश व्यापार विकास व नियमन कायदा, आणि त्याखालची यादी पूर्ण वेगळी आहे. तिला सगळे स्कोमेट म्हणतात.

स्कोमेट यादी कशी वाचायची

नऊ प्रवर्ग आहेत, 0 ते 8. शून्य म्हणजे अणुपदार्थ. तिथे परवाना अणुऊर्जा विभाग देतो. 1 मध्ये विषारी रसायनं, 2 मध्ये सूक्ष्मजीव आणि विषं, 3 मध्ये विशेष पदार्थ व त्यांची यंत्रं, 4 मध्ये अणुक्षेत्राशी जोडलेली इतर उपकरणं, 5 मध्ये अवकाश व क्षेपणास्त्रांशी संबंधित सामान. 6 ही खास लष्करी यादी, तिचा परवाना संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. 8 मध्ये दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही वापराच्या गोष्टी: संगणक, दूरसंचार, एन्क्रिप्शन, सेन्सर, लेसर, दिशादर्शन, अचूक मशीन टूल. शून्य आणि सहा सोडले तर बहुतेक अर्ज विदेश व्यापार महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएफटीकडे जातात.

प्रवर्ग 6 मध्ये 6A001 ते 6A022 अशी बावीस खाती आहेत. छोटी शस्त्रं पहिल्यात, 20 मिलिमीटर आणि त्याहून मोठी दुसऱ्यात, दारूगोळा तिसऱ्यात, बॉम्ब-रॉकेट-क्षेपणास्त्रं चौथ्यात. पुढे गाड्या, स्फोटकं, जहाजं, विमानं, चिलखत, सिम्युलेटर. आपल्या फोर्जिंगवाल्याने सोळावं खातं नीट वाचावं. त्यात फोर्जिंग, कास्टिंग आणि इतर अर्धवट तयार माल येतो. कसोटी अशी: धातूच्या घटकांवरून, आकारावरून किंवा कामावरून तो माल अमुक शस्त्रासाठीच आहे हे ओळखू येतं का? शेल बॉडी आकारावरूनच ओळखू येते. साधा गोल बार ओळखू येत नाही, म्हणून तो यादीबाहेर. 6A018 मध्ये अशा वस्तू बनवण्याची खास यंत्रसामग्री आहे, 6A021 मध्ये सॉफ्टवेअर, 6A022 मध्ये तंत्रज्ञान. शेवटच्या दोन खात्यांमुळे ड्रॉइंगची पीडीएफसुद्धा निर्यात ठरते.

इथे 'खास त्यासाठी डिझाइन केलेला' हे शब्द सगळं वजन पेलतात. लष्करी ट्रकमध्ये बसणारा, पण बाजारातल्या कुठल्याही ट्रकला चालणारा बेअरिंग नियंत्रणात येत नाही. तोच बेअरिंग एखाद्या टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरजाच्या, रिंगसाठी बदलून बनवला की येतो. कस्टम्सचा आठ आकडी एचएस कोड याचं उत्तर देत नाही. एचएस कोड माल कशाचा आहे ते सांगतो. स्कोमेट विचारतं की तो कशासाठी घडवला. क्लिअरिंग एजंटने एचएस कोड पाहून 'फ्री आहे' म्हटलं म्हणून माल पाठवणं ही या धंद्यातली सगळ्यांत सर्रास होणारी चूक. वर्गीकरण ड्रॉइंग पाहूनच करायचं असतं, आणि ते डिझाइन व उत्पादनातल्या माणसाने करायचं असतं, अकाउंट्सच्या टेबलावर नाही.

अर्ज कुठून कुठे जातो

प्रवर्ग 6 चा अर्ज संरक्षण उत्पादन विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर, डिजिटल सहीने. आयात-निर्यात कोड, खरेदीदाराची पर्चेस ऑर्डर, वस्तूचं तांत्रिक वर्णन, नग आणि किंमत, आणि अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे ईयूसी म्हणतात, हा त्याचा गाभा. विभाग मग गरजेप्रमाणे परराष्ट्र मंत्रालय, सैन्यदलं, डीआरडीओ यांचं मत मागवतो. प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. परराष्ट्र मंत्रालय देशाकडे पाहतं. सैन्यदल पाहतं की आपल्याच फौजेचं गुपित किंवा आपल्याच मालाचा पुरवठा तर जात नाही. डीआरडीओ पाहतं की तंत्रज्ञान कोणाचं आहे.

वेळ या सल्लामसलतीत जातो, म्हणून गेल्या दशकात सवलती दिल्या त्या नेमक्या इथेच. तोच माल त्याच खरेदीदाराला पुन्हा जात असेल तर सल्लामसलत नाही. तोच माल नव्या खरेदीदाराला जात असेल तर फक्त परराष्ट्र मंत्रालयाला विचारायचं. प्रदर्शनात मांडायला नेत असाल तर, काही निवडक देश सोडून, विचारणा नाही. पण मंजुरी मात्र लागतेच, आणि प्रदर्शनात माल विकून टाकला तर त्या निर्यातीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. 2019 मध्ये आलेला खुला सर्वसाधारण परवाना, ओजीईएल, ठरावीक काळासाठी एकदाच मिळतो आणि त्यावर पुन्हा पुन्हा माल पाठवता येतो. पण तो अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, जपान अशा मोजक्या देशांपुरता, काही सुट्या भागांपुरता आणि कंपनीच्या अंतर्गत तंत्रज्ञान देवाणघेवाणीपुरता. दारूगोळ्याचे भाग त्यात बसतात, पण स्फोटक नसलेलेच. पूर्ण विमान, पूर्ण ड्रोन आणि ड्रोनसाठी खास बनवलेले भाग बसत नाहीत. दर तिमाहीला हिशेब द्यावा लागतो.

या सवलतींचा परिणाम आकड्यांत दिसतो. 2013-14 मध्ये संरक्षण निर्यात 686 कोटी रुपये होती. 2023-24 मध्ये 21,083 कोटी, 2024-25 मध्ये 23,622 कोटी, त्यातले 15,233 कोटी खासगी कंपन्यांचे. त्या एका वर्षात 1,762 निर्यात मंजुऱ्या दिल्या गेल्या. 2029 पर्यंत 50,000 कोटींचं लक्ष्य आहे. हे लक्ष्य गाठण्याची जबाबदारी संरक्षण उत्पादन विभागाची, आणि निर्यात अडवण्याचा अधिकारही त्याच विभागाचा. अडवण्याचा निर्णय घेणारा माणूस विक्रीच्या आकड्यासाठी उत्तरदायी नसावा असं आमचं स्पष्ट मत आहे. परराष्ट्र मंत्रालयाचा सल्ला हा त्यावरचा एकमेव खरा लगाम आहे, आणि सवलती नेमक्या त्या सल्ल्यातच दिल्या जात आहेत, याकडे लक्ष ठेवायला हवं.

एका कागदावर उभी असलेली भिंत

ईयूसीमध्ये चार गोष्टी लिहिलेल्या असतात: माल कोण घेणार, कुठे वापरणार, कशासाठी वापरणार, आणि परवानगीशिवाय पुढे कोणाला देणार नाही. पूर्ण शस्त्र असेल तर हे खरेदीदार देशाच्या सरकारने द्यायचं असतं. सुट्या भागांसाठी सरकारी शिक्क्याची अट काढून टाकली आहे. खरेदी करणारी कंपनीच ते देते.

आता शेल बॉडीकडे परत या. युरोपातली एक कंपनी रिकाम्या शेल बॉडी घेते, त्यात स्फोटक भरते, फ्यूज बसवते आणि पूर्ण गोळा विकते. मग 'अंतिम वापरकर्ता' कोण? भरणारी कंपनी की गोळा डागणारी फौज? कंपनीने लिहून दिलं की माल आमच्याकडे दारूगोळा बनवायला वापरला जाईल, तर ते शब्दशः खरं असतं. भारतीय पोलाद पुढे कुठल्या आघाडीवर जातं ते त्या कागदात उतरत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये रॉयटर्सने नेमकी हीच बातमी दिली: भारतीय कारखान्यांचा दारूगोळा इटली, चेक प्रजासत्ताक अशा युरोपीय ग्राहकांमार्फत युक्रेनला पोहोचतो, आणि रशियाने नाराजी कळवूनही भारताने तो व्यापार थांबवला नाही. परराष्ट्र मंत्रालयाने बातमी तर्कावर आधारलेली आणि दिशाभूल करणारी म्हटली, भारताने कुठलंही बंधन मोडलेलं नाही असं सांगितलं. दोन्ही बाजू बाजूला ठेवल्या तरी प्रश्न कागदाच्या रचनेचा राहतोच. सुट्या भागांचं ईयूसी जिथे संपतं, तिथून पुढे मालावर पकड राहत नाही.

पकड ठेवायची तर कशी ठेवतात, आणि त्याची किंमत काय, याचा धडा स्वित्झर्लंडकडे आहे. जर्मनीकडच्या गेपार्ड या विमानविरोधी गाड्यांचा 35 मिलिमीटरचा दारूगोळा स्विस बनावटीचा होता. 2022 मध्ये जर्मनीने तो युक्रेनला देण्यासाठी परवानगी मागितली. युद्धात असलेल्या देशाला शस्त्रं जाऊ द्यायची नाहीत या कायद्यावर बोट ठेवून स्वित्झर्लंडने नकार दिला. जर्मनीने तो नकार पाळला. आणि मग ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीने तोच दारूगोळा बनवायची नवी लाइन जर्मनीत उभी केली. पुनर्निर्यातीची अट काटेकोर ठेवणाऱ्या देशाचा माल ग्राहक पुढच्या वेळी टाळतो. भारताला दोन्ही हवं आहे, बाजारही आणि पकडही. किती सैल सोडायचं हे दर सौद्याला ठरवलं जातं.

ठरवलं जातं ते बंद दाराआड. कोणत्या देशाला काय गेलं याचा तपशील संसदेतही सामरिक कारण सांगून बहुधा दिला जात नाही. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवा अशी याचिका 9 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण हे न्यायालयाचं क्षेत्र नव्हे, हे त्यामागचं कारण. 2013 च्या आंतरराष्ट्रीय शस्त्र व्यापार करारावरच्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि त्यावर सही केलेली नाही. करारात आयातदार देशांवर भार जास्त आणि निर्यातदारांवर कमी, असा भारताचा आक्षेप होता. तेव्हा भारत प्रामुख्याने आयातदार होता. आज तो निर्यातदारही आहे, तर त्या आक्षेपाकडे पुन्हा पाहायला हरकत नाही.

दुसऱ्याच्या हातातल्या चाव्या

भारताने हो म्हटलं तरी सौदा अडू शकतो. ब्रह्मोस हे त्याचं उत्तम उदाहरण. कंपनी भारत-रशिया भागीदारीची, वाटे 50.5 आणि 49.5 टक्के. म्हणजे तिसऱ्या देशाला विकायला रशियाचीही संमती हवी. त्यात क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा निकष: 500 किलो भार 300 किलोमीटर नेऊ शकणारी प्रणाली विकायला सहसा नकारच द्यायचा. म्हणून निर्यातीच्या ब्रह्मोसचा पल्ला 290 किलोमीटर. जानेवारी 2022 मध्ये फिलिपिन्सशी सुमारे 37.5 कोटी डॉलरचा करार झाला तो याच आवृत्तीचा, आणि पहिला संच एप्रिल 2024 मध्ये पोहोचला. तेजसमध्ये अमेरिकी इंजिन आहे. ते ज्या देशाला विकायचं त्याला अमेरिकेचाही होकार लागतो. अमेरिकी ड्रॉइंगवर जॉबवर्क करणाऱ्या छोट्या कारखान्यालाही हेच लागू आहे: तुमचा भारतीय परवाना त्या ड्रॉइंगवरचा अमेरिकी हक्क पुसत नाही.

क्षेपणास्त्र व्यवस्थेत भारत जून 2016 मध्ये, शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालासाठीच्या वासेनार व्यवस्थेत डिसेंबर 2017 मध्ये आणि रासायनिक-जैविक मालासाठीच्या ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये जानेवारी 2018 मध्ये सामील झाला. आपली यादी त्यांच्या याद्यांशी जुळवून घेतलेली आहे. त्याचा फायदा व्यवहारी आहे: जर्मन खरेदीदाराला तुमचा 6A016 समजावून सांगावा लागत नाही, त्याच्याकडे तेच खातं सोळाव्या क्रमांकावर असतं.

यादीत नाही, तरीही

2005 च्या सामूहिक संहार शस्त्र कायद्याने एक जाळं असं टाकलं आहे ज्याला यादीची गरज नाही. माल अणु, रासायनिक, जैविक शस्त्रासाठी किंवा ते नेणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी जाणार आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा सरकारने कळवलं असेल, तर तो साधा व्हॉल्व्ह असला तरी अडकतो. तारापूर, रोहा, लोटे इथल्या रसायन कारखान्यांनी ट्रायइथेनॉलअमाइनचं उदाहरण ध्यानात ठेवावं. ते सौंदर्यप्रसाधनांत आणि कापड उद्योगात पिंपांनी जातं. त्यापासून नायट्रोजन मस्टर्ड हा विषारी वायूही होतो. रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या सदस्य देशांना ते पाठवून मग कळवायचं असतं. सदस्य नसलेल्या देशांना, उदाहरणार्थ इजिप्त किंवा उत्तर कोरियाला, तसं पाठवता येत नाही.

परकी निर्बंध हे आणखी एक. 30 ऑक्टोबर 2024 रोजी अमेरिकेने रशियाला मदत केल्याच्या कारणावरून सुमारे 400 कंपन्या-व्यक्तींवर निर्बंध घातले, त्यात 19 भारतीय कंपन्या होत्या. भारतीय कायदा मोडलेला नसला तरी अशा यादीत नाव आलं की डॉलरमधले व्यवहार बंद होतात आणि बँक आधी हात वर करते.

माल अडकतो तो कुठे

दलालाने दिलेलं ईयूसी ही पहिली जागा. दुबई किंवा सिंगापूरचा व्यापारी 'एंड यूजर' म्हणून स्वतःच सही करतो. त्याच्याकडे ना भट्टी, ना लेथ. असा अर्ज परत येतो आणि आला पाहिजे. त्याच्याकडून खऱ्या वापरणाऱ्याचा कागद मागा. तो द्यायला तयार नसेल तर ऑर्डर सोडा.

दुसरी जागा आकड्यांची. ऑर्डरमध्ये 5,000 नग, ईयूसीमध्ये 4,800, अर्जात 5,000. कंपनीचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर संक्षिप्त. प्रत्येक फरकाला एक शंका, प्रत्येक शंकेला काही दिवस. आणि तुकड्यातुकड्याने माल पाठवताना परवान्यातले नग कधी ओलांडले ते डिस्पॅचवाल्याच्या लक्षात येत नाही. परवान्याच्या प्रतीमागे प्रत्येक शिपिंग बिलाची वजावट हाताने लिहीत जाण्याची जुनी पद्धत अजूनही सगळ्यांत खात्रीची.

तिसरी, बदललेल्या मालाची. खरेदीदार म्हणतो, पुढच्या लॉटला पोलादाचा ग्रेड बदला किंवा बँडची जागा दोन मिलिमीटर सरकवा. ड्रॉइंगचा रिव्हिजन क्रमांक बदलला की तो 'तोच माल' राहिला का, हे विभागाला विचारून घ्यावं. पुनरावृत्तीची सवलत याच एका शब्दावर टिकते.

चौथी ध्यानातच येत नाही. चौकशीचा ईमेल येतो, किंमत कळवताना प्रोसेस शीट जोडली जाते, कोणी थ्रीडी मॉडेल ड्राइव्हवर टाकून लिंक देतं. कंटेनर हलायच्या कितीतरी आधी तंत्रज्ञानाची निर्यात झालेली असते. ड्रॉइंग खरेदीदारानेच पाठवलं असेल तरी तुम्ही त्यात भरलेलं फोर्जिंगचं ज्ञान तुमचं आणि नियंत्रित आहे. म्हणून कोटेशनमध्ये किंमत, मुदत आणि परवान्याच्या अधीन असल्याची ओळ एवढंच जावं.

चूक झालीच तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि आयात-निर्यात कोड निलंबित होऊ शकतो. कोड गेला की ॲक्सलसुद्धा पाठवता येत नाही. चूक आपणहून कळवणाऱ्याकडे आणि पकडल्या गेलेल्याकडे अधिकारी एकाच नजरेने पाहत नाहीत, त्यामुळे उशिरा का होईना, पण आपणच आधी कळवावं. ऑर्डर, ईयूसी, परवाना, शिपिंग बिल, खरेदीदाराची पोच आणि वर्गीकरण कोणी कोणत्या ड्रॉइंगवरून केलं त्याची टिपण, हे सगळं एकाच फाइलमध्ये किमान पाच वर्षं ठेवायचं असतं. तपासणीला येणारा माणूस सगळ्यांत आधी ही शेवटची टिपण मागतो.